कोंबडीच्या मानेतली राखण



परसातल्या दहा-बारा कोंबड्यांचा हिशेब कोणी वहीत मांडत नाही. पण घरच्या लक्ष्मीच्या मनात तो पक्का असतो. अंड्यांच्या पैशांत मीठ-मिरची येते, पोरांच्या वह्या येतात, अडीनडीला एखादा कोंबडा बाजारात नेता येतो. अशा घरी एके दिवशी सकाळी खुराड्याचे दार उघडावे, तर दोन कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसलेल्या, एकीची मान पाठीकडे पिळवटलेली, खाली हिरवट पातळ विष्ठा. आठ दिवसांत खुराडे रिकामे होते आणि पुढच्या आठ दिवसांत शेजारचे. या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो प्रथम कुमाऊँमधील राणीखेत येथे ओळखला गेला. त्याआधी थोडेच दिवस, म्हणजे १९२६ साली, इंग्लंडमधील न्यूकॅसल गावाजवळ आणि जावा बेटावर तो दिसला होता. म्हणून परदेशात त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात.

मानमोडी विषाणूमुळे होते. तिच्यावर औषध नाही, लस आहे. हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी तक्रार ऐकू येते, की "लस दिली होती, तरी कोंबड्या मेल्याच!" मग लशीवरचा विश्वास उडतो आणि पुढच्या वर्षी कोणी लस देतच नाही. ही तक्रार नेहमीच खोटी नसते. मात्र तिचे मूळ समजायचे, तर लस कोंबडीच्या अंगात जाऊन नेमके काय करते हे पाहिले पाहिजे. लस स्वतः रोग मारीत नाही. ती कोंबडीच्या अंगातल्या राखणदारांना शिकवते. हे राखणदार कोण, ते कुठे तयार होतात आणि कशाने निकामी होतात, हे या लेखात पाहू.

फवारणी पोचत नाही तिथे

ज्वारीवर मावा पडला तर आपण फवारणी करतो, कारण मावा पानावर उघडा बसलेला असतो. पण खोडकिड्याची अळी एकदा खोडात शिरली की वरच्या फवाऱ्याचा उपयोग होत नाही. मग आपण ताटे बघत फिरतो. ज्या ताटाला भोक दिसते, ज्याचा पोंगा वाळला आहे, ते उपटून नष्ट करतो. एक ताट जाते, पण त्यातली अळी बाहेर पडून आणखी दहा ताटांत शिरत नाही.

विषाणूचे वागणे खोडकिड्यासारखे आहे. जिवाणू अंगात स्वतंत्रपणे वाढू शकतो. विषाणूला ते जमत नाही. त्याला कोंबडीच्या जिवंत पेशीत शिरावे लागते. शिरला की तो त्या पेशीच्याच सामग्रीतून आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करून घेतो. ते बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. म्हणूनच जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत.

कोंबडीच्या रक्तात विषाणूला पकडणारी द्रव्ये तयार होतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती फवारणीसारखी आहेत. पेशीबाहेर फिरणाऱ्या विषाणूला ती चिकटतात आणि त्याला नव्या पेशीत शिरू देत नाहीत. पण आत शिरलेल्या विषाणूपर्यंत ती पोचत नाहीत. तिथे लागतो ताटे तपासत फिरणारा माणूस. कोंबडीच्या अंगात हे काम ज्या पांढऱ्या पेशी करतात, त्यांचे नाव टी पेशी.

एक शाळा मानेत, दुसरी शेपटाखाली

या टी पेशी थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. कोंबडीच्या मानेत दोन्ही बाजूंना, मोठ्या शिरेलगत, या ग्रंथीचे फिकट रंगाचे गोळे माळेसारखे ओळीने असतात. साधारण एकेका बाजूला सात. तलंगीची मान साफ करताना नीट पाहिलेत तर ते दिसतील. वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसत जाते. म्हणजे राखणदारांची मुख्य भरती पिलू लहान असतानाच होते, हे ध्यानात ठेवावे.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची शाळा वेगळी आहे. विष्ठेच्या द्वाराजवळ, आतल्या बाजूला, एक लहान पिशवी असते. इटलीतील पाडुआ येथील फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाने सुमारे चारशे वर्षांपूर्वी तिचे वर्णन केले, म्हणून तिला फॅब्रिशियसची बर्सा म्हणतात. बर्सा म्हणजे बटवा. या बटव्याचा उपयोग काय, हे साडेतीनशे वर्षे कोणाला कळले नव्हते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे या बटव्यावर संशोधन करीत होते. त्यांनी काही पक्ष्यांची बर्सा लहानपणीच काढून टाकली होती. त्यांचे सहकारी टिमथी चँग यांना विद्यार्थ्यांपुढे प्रतिपिंडांचा प्रयोग करून दाखवायचा होता, म्हणून त्यांनी यातले काही पक्षी नेले. प्रयोग फसला, बर्सा काढलेल्या पक्ष्यांत प्रतिपिंडे तयार झालीच नाहीत. त्या फसलेल्या प्रयोगातूनच बटव्याचे काम उलगडले, आणि १९५६ साली ते कोंबडीपालनाच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आले.

पुढे १९६५ च्या सुमारास मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी पुन्हा कोंबड्यांवरच प्रयोग करून दाखवले, की शरीराची राखण दोन वेगवेगळ्या फौजा करतात. बर्सातून निघणाऱ्या त्या बी पेशी, थायमसमधून निघणाऱ्या त्या टी पेशी. माणसाला बर्सा नसते. तरी माणसाच्या रक्ताचा अहवाल लिहिताना डॉक्टर आजही बी पेशी हेच नाव वापरतात. ते नाव कोंबडीच्या बटव्यावरून आले आहे.

राखण चालते कशी?

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी गप्प बसत नाही. आत जे काही तयार होत आहे त्याचे बारीक तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. खोडकिडा लागलेल्या ताटाच्या भोकातून भुसा बाहेर येतो आणि आत अळी असल्याचे कळते, तसेच हे. टी पेशी अंगभर फिरत प्रत्येक पेशीच्या दारातला हा भुसा तपासतात.

टी पेशींत मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्या मारक टी पेशी. ओळखीचा तुकडा दिसला की त्या रोगी पेशीला चिकटतात, तिच्या आवरणाला बारीक छिद्रे पाडतात आणि आत अशी द्रव्ये सोडतात की ती पेशी स्वतःहून मरते. तिच्यात तयार होत असलेले विषाणूही पुरे होण्याआधीच संपतात. दुसऱ्या मदतनीस टी पेशी. त्या स्वतः मारीत नाहीत, मुकादमाचे काम करतात. बी पेशींना चांगली प्रतिपिंडे करण्यास त्या लावतात, मारक पेशींना बळ देतात आणि जंतू गिळणाऱ्या पेशींना जागे करतात. म्हणजे प्रतिपिंडांची फवारणीसुद्धा मोठ्या प्रमाणात टी पेशींच्या मुकादमीवर चालते.

एक प्रश्न साहजिक मनात येतो. मारण्याचे काम ज्यांच्याकडे, त्या चुकून चांगल्या पेशी का मारीत नाहीत? याची काळजी मानेतल्या शाळेत घेतलेली असते. जी टी पेशी कोंबडीच्या स्वतःच्या अंगावरच उठेल, तिला थायमसमध्येच संपवले जाते. तिथे जन्मलेल्या बहुतेक टी पेशी बाहेर पडतच नाहीत. पारखून घेतलेल्या तेवढ्या कामावर जातात.

आणि लढाई संपली तरी काही टी पेशी मागे राहतात. त्यांना तो विषाणू आठवतो. पुन्हा तोच आला तर शिकायला वेळ लागत नाही, लगेच कामाला लागतात. हीच आठवण लस तयार करते, तीही कोंबडी आजारी न पडता.

बरी दिसणारी कोंबडी

मारक टी पेशींचे सामर्थ्य किती, हे टेक्सासमधील संशोधकांनी पिलांच्या श्वासनलिकेच्या सांसर्गिक रोगात तपासले. या रोगाला ब्राँकायटिस म्हणतात आणि तोही विषाणूचाच. रोग होऊन गेलेल्या पक्ष्यांच्या मारक टी पेशी काढून त्यांनी त्याच वंशाच्या निरोगी पिलांना टोचल्या आणि मग पिलांना रोगाचा विषाणू दिला. ज्यांना त्या पेशी मिळाल्या होत्या ती पिले बचावली. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. १९९७ साली तिथे बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ हा जीवघेणा विषाणू आला. शेतांवर कोंबड्या पटापट मेल्या, पण बाजारात मात्र विषाणू असूनही पुष्कळ कोंबड्या धडधाकट दिसत होत्या. अमेरिकेतील रॉबर्ट वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१ साली याचा उलगडा केला. या कोंबड्यांना आधी एच-९-एन-२ या सौम्य फ्लूची लागण होऊन गेली होती. त्या वेळी शिकलेल्या टी पेशींनी नव्या विषाणूशी दोन हात केले आणि कोंबड्या वाचल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. वाचलेल्या कोंबड्यांच्या विष्ठेतून तो जीवघेणा विषाणू बाहेर पडतच होता. टी पेशी विषाणूला दारातून आत येऊ देत नाहीत असे नव्हे. तो आत आल्यावर त्याला आवरतात. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी टवटवीत दिसली, तरी ती रोग घेऊन आली नसेल असे धरून चालू नये. तिला निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावे, तिचे दाणापाणी वेगळे ठेवावे आणि आधी आपल्या कोंबड्यांचे करून मग तिचे करावे. बाजारात न विकलेला कोंबडा परत आणला, तर त्यालाही हाच नियम लावावा.

बर्ड फ्लू महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातली त्याची पहिली लागण नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेच आढळली आणि त्या भागात लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत, खाऊ नयेत, विकू नयेत. उघड्या हाताने हाताळू नयेत आणि तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

काही विषाणू इतके धूर्त, की ते राखणदारांवरच हल्ला करतात. तरुण पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला, चालता येत नाही, अंग झडत जाते, असे तुम्ही पाहिले असेल. याला मॅरेकचा रोग म्हणतात. बुडापेस्ट येथील योझेफ मॅरेक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. याचा विषाणू पिसांच्या मुळांतून धुळीवाटे पसरतो, फुप्फुसांतून आत जातो आणि सरतेशेवटी टी पेशींमध्येच मुक्काम ठोकतो. त्यातल्या काही टी पेशी बेफाम वाढू लागतात आणि त्यांच्याच गाठी यकृतात, अंडाशयात आणि पायाच्या मज्जातंतूंत होतात. ज्यांनी राखण करायची त्यांचाच कर्करोग होतो. १९७० च्या आसपास त्यावर लस निघाली; टर्की पक्ष्याच्या निरुपद्रवी विषाणूपासून केलेली लस पुढे जगभर वापरात आली. ती पिलाला उबवणी केंद्रातच, पहिल्या दिवशी, टोचावी लागते. कारण धुळीतला विषाणू वाट पाहत नाही. विकतची पिले घेताना ही लस दिली आहे ना, हे अवश्य विचारावे.

दुसरा रोग गंबोरो. अमेरिकेतील गंबोरो या गावाच्या परिसरात तो प्रथम दिसला. तो मुख्यतः तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना गाठतो आणि बर्सातल्या बी पेशींची नासाडी करतो. टी पेशी त्या बटव्यात धाव घेऊन विषाणूला आवरतात, पण तोवर प्रतिपिंडांची शाळा उद्ध्वस्त झालेली असते. असे पिलू वाचले तरी पुढे मानमोडीची लस त्याला नीट लागत नाही. आणि मानमोडीत प्रतिपिंडे लागतातच. एकट्या टी पेशींवर तिथे निभत नाही. "लस दिली होती, तरी मेल्या" याचे एक कारण हेही असते.

लस वाया का जाते?

आता मूळ तक्रारीकडे वळू. लस म्हणजे शिकवणी आहे, हे एकदा पटले की बाकीचे नियम आपोआप समजतात.

पहिला नियम वेळेचा. जिवंत विषाणूची लस दिल्यावर दोन-तीन दिवसांतच टी पेशींची हालचाल सुरू होते, पण पुरती राखण उभी राहायला दोन आठवडे तरी द्यावेत. शेजारच्या वस्तीत मर सुरू झाल्यावर धावाधाव करून दिलेल्या लशीला हा वेळ मिळत नाही. लस रोग येण्याआधीच दिली पाहिजे.

दुसरा नियम वयाचा. लस दिलेली कोंबडी अंड्याच्या बलकातून पिलाला प्रतिपिंडांची शिदोरी देते. टी पेशी मात्र पिलाला स्वतःच घडवाव्या लागतात. ही शिदोरी दोन-तीन आठवड्यांत संपते, आणि असेपर्यंत ती लशीतल्या विषाणूलाही अडवते. म्हणून एकच डोस पुरत नाही. मानमोडीची सौम्य लस, म्हणजे लासोटा किंवा एफ, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यावी. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती पुन्हा द्यावी, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस टोचून घ्यावी. हिलाच मुक्तेश्वर लस म्हणतात. ती जोरकस असल्याने सहा आठवड्यांच्या आतील पिलांना देऊ नये. पुढचे डोस आपल्या दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावेत.

तिसरा नियम थंडाव्याचा. या लशींत जिवंत विषाणू असतो. तो पेशीत शिरतो म्हणूनच मारक टी पेशींना शिकायला मिळते. मेलेल्या विषाणूच्या लशीने प्रतिपिंडे चांगली होतात, पण मारक टी पेशींची शिकवणी तेवढी होत नाही. जिवंत लस उन्हात मरते. दवाखान्यातून ती बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी, खिशात किंवा सायकलच्या पिशवीत नव्हे. कालवल्यावर सावलीत, बर्फावर ठेवून तास-दीड तासात संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवू नये. सुया उकळून घ्याव्यात. मात्र त्यांना स्पिरिट किंवा जंतुनाशक लावू नये, त्याने लशीतला विषाणू मरतो.

चौथा नियम प्रकृतीचा. आजारी, उपाशी, जंतांनी पोखरलेल्या कोंबडीला शिकवणी लागत नाही. लशीच्या आठ-दहा दिवस आधी जंतांचे औषध पाजावे. दाटीवाटी, कडक ऊन, लांबचा प्रवास यांनी कोंबडीच्या अंगात असे द्रव्य वाढते की थायमस आक्रसते. म्हणून लस सकाळी लवकर किंवा सांजेला द्यावी. बुरशी लागलेला मका किंवा भुईमुगाची पेंड कधीही घालू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशीच्या विषाने मेले, ते भुईमुगाच्या पेंडीतूनच. हे विष थोडे पोटात गेले तर पक्षी मरत नाही, पण थायमस आणि बर्सा दोन्ही खुरटतात आणि लस फुकट जाते.

लस लागली की नाही, हे देवीच्या लशीत डोळ्यांनी पाहता येते. पंखाच्या पातळ कातडीत टोचल्यावर सात ते दहा दिवसांनी तिथे पुळी आणि खपली दिसली पाहिजे. ती खपली म्हणजे अंगातले राखणदार जागे झाल्याची खूण. न दिसल्यास पुन्हा टोचून घ्यावे. मानमोडीच्या लशीत अशी खूण दिसत नाही, म्हणून तिथे नियम पाळणे हाच भरवसा.

वाडीने एक दिवस ठरवावा

शेवटची अडचण सर्वांच्या अनुभवाची आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची असते आणि आपल्या घरी दहाच असतात. फोडलेली कुपी ठेवता येत नाही. त्यामुळे एकटे घर लस आणायला कचरते आणि सारी वाडी तशीच राहते. कोंबड्या तर दिवसभर एकमेकींच्या परसात चरतात. दहा घरांपैकी दोघांनी लस दिली, तर उरलेल्या आठ घरांत रोग फिरत राहतो.

म्हणून दहा-बारा घरच्या बायांनी एकत्र बसून एक दिवस ठरवावा. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवाव्यात. दवाखान्यात आधी सांगून ठेवावे. एकीने थर्मास घेऊन जावे, दुसरीने घरोघरच्या कोंबड्यांची संख्या आणि तारीख वहीत लिहावी. सकाळी ऊन चढण्याआधी सगळ्या खुराड्यांचे काम उरकावे. त्याच वेळी पुढच्या डोसाची तारीखही कॅलेंडरवर मांडून ठेवावी. खर्च वाटून घेतला तर एका कोंबडीमागे तो एका अंड्याच्या किमतीइतकाही येत नाही.

कोंबडीच्या मानेतली राखण निसर्गाने दिलेली आहे. तिला वेळेवर शिकवणी, चांगला दाणा आणि थोडी सावली एवढेच आपल्याकडून हवे असते.